शारदेचं ‘नको’

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकातलं लग्न कशामुळे मोडतं, हा प्रश्न नाट्यसंगीताची आवड असलेल्या माणसांना मी अधूनमधून विचारते. पदं बहुतेकांना तोंडपाठ असतात. म्हाताऱ्या नवरदेवाचं, भुजंगनाथाचं नाव निघालं की कुणीतरी लगेच ‘म्हातारा इतुका न’ गुणगुणायला लागतं. पैशाला भुललेला बाप कांचनभट, लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित, हतबल इंदिराकाकू, जिवाभावाची मैत्रीण वल्लरी, सगळे आठवतात. पण लग्न मोडलं कशाने? ‘कोदंड येतो ना, तो थांबवतो,’ एवढ्यावर उत्तर संपतं.

कोदंड येतो हे खरं. सुधारकी विचारांचा, तळमळीचा तरुण आहे तो. म्हाताऱ्याने कोवळ्या पोरीशी लग्न करणं हा अन्याय आहे, हे तो मानतो आणि बोलूनही दाखवतो. पण लग्न त्या बोलण्याने मोडत नाही. नवरदेव पंचाहत्तरीला टेकला आहे म्हणून मोडत नाही, बापाने मुलीचे पैसे घेतले म्हणून मोडत नाही, मुलगी जीव तोडून नको म्हणते आहे म्हणून तर नाहीच नाही. वधू आणि वर एकाच गोत्राचे निघतात, आणि सगोत्र विवाह शास्त्राला मान्य नाही, म्हणून ते ऐन मांडवात मोडतं.

हे एकदा नीट ध्यानात आलं आणि तेव्हापासून मला हे नाटक वेगळंच दिसायला लागलं. शारदेला न्याय मिळाला, यात शंका नाही. ती वाचली. पण तिला वाचवणाऱ्या कारणात ती कुठेच नव्हती. गोत्र वेगळं असतं तर त्याच मांडवात, त्याच भटजींच्या त्याच मंत्रांवर अक्षता पडल्या असत्या आणि कुणालाही काही चुकल्यासारखं वाटलं नसतं.

गोविंद बल्लाळ देवल १८५५ साली जन्मले, हरिपूरला, सांगलीला लागून असलेल्या गावी. कृष्णा आणि वारणा तिथे एकमेकींना मिळतात. संगमेश्वराचं देऊळ, जुने घाट, हळद साठवायची जमिनीखालची पेवं, असं ते गाव. बेळगावात शिकताना देवलांना अण्णासाहेब किर्लोस्कर गुरू म्हणून लाभले, आणि १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभं करून अण्णासाहेबांनी संगीत नाटकाचा पाया घातला, तेव्हा त्यांच्याच किर्लोस्कर नाटक मंडळीत देवल घडले. त्यांची बाकीची गाजलेली नाटकं कुठल्या ना कुठल्या संस्कृत किंवा पाश्चात्त्य कृतीवर बेतलेली आहेत. ‘मृच्छकटिक’ तसं, ‘झुंझारराव’ तसं, ‘शापसंभ्रम’ तसं, शेवटचं ‘संशयकल्लोळ’ही तसंच. ‘शारदा’ मात्र पूर्णपणे त्यांचं स्वतःचं. किर्लोस्कर मंडळीने १८९९ साली इंदूरला त्याचा पहिला प्रयोग केला. तोवर संगीत नाटकात गायचे ते बहुतेक राजे, ऋषिकन्या, कृष्ण, अर्जुन, सुभद्रा. देवलांनी गाणं गरीब भिक्षुकाच्या घरात आणलं. ज्या घरात मुलीचं वय वाढत चाललं आहे, हातात पैसा नाही, आणि समोर एक श्रीमंत म्हातारा पैशाची थैली सोडायला तयार आहे, अशा घरात.

त्या काळातल्या लग्नांचं गणित समजून घेतल्याशिवाय भुजंगनाथ नुसता विदूषक वाटतो. तो तसा नाही. उच्चवर्णीय घरांत मुलीचं लग्न ऋतुप्राप्तीच्या आत व्हायलाच हवं, अशी सक्ती. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण विधवेशी लग्न करणारा पुरुष वाळीत पडायचा. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्याशी व्यवहार तोडला. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की तिसरी आपोआप घडते. विधवा चालत नाही आणि प्रौढ कुमारिका समाजात उरलेलीच नाही, म्हटल्यावर पुरुष तिशीत विधुर होवो की सत्तरीत, त्याच्यासाठी बायको म्हणून मिळणार ती मुलगीच, दहा-बारा वर्षांची. न्यायमूर्ती रानड्यांसारखा माणूस, विधवाविवाहाचा पुरस्कर्ता, पण १८७३ साली वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचं काही चाललं नाही आणि एकतिसाव्या वर्षी त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. पुढे त्या दोघांनी जे आयुष्य घडवलं ते थोर होतंच. पण लग्नाच्या दिवशी अकरा वर्षांच्या मुलीला विचारणारं कुणी नव्हतं. बिजवर, तिजवर हे शब्द आपल्या भाषेत सहज रुळले आहेत. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणारा पुरुष इतका नेहमीचा होता की त्याच्यासाठी वेगवेगळे शब्द लागले.

आणि गरीब बापाला अशा स्थळाला हुंडा द्यावा तर लागायचाच नाही, उलट पैसे मिळायचे. कन्याविक्रय म्हणायचे त्याला. कांचनभट हा काही जगावेगळा राक्षस नव्हे. आसपास जे चाललं होतं तेच त्याने केलं, जरा जास्त हावरेपणाने केलं, एवढंच.

मग देवलांनी गोत्राचा आधार का घेतला असावा? मला वाटतं, आपल्या प्रेक्षकांना ते पुरते ओळखून होते. ‘शारदा’ रंगभूमीवर येण्याच्या आठच वर्षं आधी, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला होता. पतीला पत्नीशी शरीरसंबंध ठेवण्यासाठी पत्नीचं किमान वय दहावरून बारा करायचं, एवढीच ती सुधारणा. एवढ्याशा बदलावरून पुणं-मुंबई पेटली होती. टिळकांसारख्या नेत्याने परक्या सरकारने आमच्या धर्मात लुडबुड करू नये म्हणून त्याला विरोध केला. बाजू घेणाऱ्या आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली होती. ज्या समाजाला बारा हे वय पचत नव्हतं, त्याच्यापुढे ‘मुलीला हे लग्न नको आहे, म्हणून ते होणार नाही’ असं वाक्य ठेवलं असतं तर ते मांडवातल्या कुणालाच कळलं नसतं. मुलीची इच्छा हे कारणच होऊ शकत नव्हतं. गोत्र हे कारण मात्र भटजींना कळतं, बापाला कळतं, खुद्द भुजंगनाथालाही कळतं. ते मान्य करायला कुणालाही आतून बदलावं लागत नाही. मला हे फार बोचतं. मांडवातला एकही माणूस बदलला नाही, तरी न्याय झाला.

देवल कचरले, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. कारण कथेत जे त्यांना करता आलं नाही, ते त्यांनी गाण्यात केलं, आणि संगीत नाटकात गाण्याचं वजन कथेपेक्षा कमी नसतं.

संगीत नाटकात गद्य गोष्ट पुढे नेतं आणि पद तिला थांबवतं. गद्यात शारदा बोलायला लागली की तिला कुणीही गप्प करू शकतं. मुलीने मोठ्यांपुढे बोलायचं नसतं, असं एक वाक्य पुरतं. पण ऑर्गनचा सूर लागला, तबल्याने ठेका धरला आणि तिने पद उचललं की रंगमंचावरच्या एकाही पात्राला तिला मध्ये तोडता येत नाही. हा त्या नाट्यप्रकाराचा नियमच आहे. ‘मूर्तिमंत भीति उभी’ सुरू होतं तेव्हा थिएटरातल्या प्रत्येक माणसाला, तो कितीही सनातनी असो, त्या मुलीचं भय शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकून घ्यावं लागतं. तिच्या घरात, तिच्या गावात, तिच्या धर्मपीठात जी गोष्ट तिच्या वाट्याला आली नाही, ती देवलांनी तिला प्रेक्षागृहात मिळवून दिली. ‘तू टाक चिरुनि ही मान’ म्हणणारी मुलगी दयेची भीक मागत नाही. या लग्नापेक्षा मरण पत्करलं, असं ती सांगते, इतकं स्वच्छ की दुसरा अर्थ काढायला जागा नाही. तिचं नको तिथे नोंदलं गेलं. गोत्राचं वाक्य येण्याच्या कितीतरी आधी.

या पदांच्या चालीही देवलांनी सोप्या ठेवल्या. दरबारी गवयाची तयारी नसलेल्या गळ्यालाही त्यातली बरीच पदं पेलतात. ती घरोघर गेली याचं एक कारण तेच. ‘सुधारक’ हे आगरकरांचं पत्र वाचणारी माणसं किती होती? त्यातल्या बायका किती? ‘शारदे’ची पदं मात्र लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी जात्यावर, चुलीपुढे म्हटली. लेखात जे म्हटलं असतं तर घरात वादळ उठलं असतं, ते गाण्यात म्हटल्यावर सासऱ्यालाही गोड लागलं.

गोड लागण्याचा एक धोकाही असतो, आणि त्याबद्दल मी बराच विचार केला आहे. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला पद आवडलं की तो वन्स मोअर मागतो. म्हणजे ज्या पदात मुलगी भयाने थरथरते आहे, तेच पद पुन्हा म्हण, असं आपण तिला सांगतो. तिने पुन्हा थरथरायचं, आपण पुन्हा वाहवा करायची. ‘म्हातारा इतुका न, अवघे पाउणशे वयमान’चं तर असं झालं की शाळेच्या स्नेहसंमेलनात परकर-पोलक्यातल्या मुली त्यावर हातवारे करत नाचतात आणि सभागृह खळखळून हसतं. आमच्याही शाळेत दरवर्षी कुठला ना कुठला वर्ग ते बसवायचा. खरं तर ते मैत्रिणींच्या तोंडचं पद आहे. ज्या मुलींना उद्या असंच एखादं स्थळ येऊ शकतं, त्या मुली हसत आहेत. त्यांच्या हातात दुसरं काही नाही. मोठ्यांना नाही म्हणता येत नाही, पण मोठ्यांनी पसंत केलेल्या नवऱ्याची टर उडवता येते. त्या थट्टेत केवढा राग आहे! पद नाटकात, त्याच्या जागी ऐकलं तर आपलं हसू अर्ध्यावर थांबतं, कारण शारदा तिथेच आहे आणि ते सगळं तिच्या भावी नवऱ्याबद्दल चाललं आहे. जागेवरून उचलून गाण्यांच्या मैफलीत ठेवलं की फक्त गंमत उरते.

हे लिहिताना रखमाबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत. शारदा कल्पनेतली, रखमाबाई मुंबईतल्या खऱ्या. अकराव्या वर्षी त्यांचं दादाजी भिकाजींशी लग्न लागलं. त्या माहेरीच वाढल्या, सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी शिकल्या, आणि मोठ्या झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी साफ नकार दिला. १८८४ साली दादाजी कोर्टात गेले. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिनी यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ साली तडजोड झाली, दादाजींना दोन हजार रुपये दिले गेले आणि प्रकरण मिटलं. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले. १९५५ साली त्या गेल्या.

शारदेच्या शेजारी त्यांना ठेवून पाहा. रखमाबाईंचं नको खुद्द त्यांच्या तोंडून, भर न्यायालयात, साऱ्या वर्तमानपत्रांच्या पानांवर ऐकलं गेलं. एका न्यायाधीशाला ते पटलं, दुसऱ्याला नाही पटलं. पण प्रश्न त्यांच्या नकाराचाच होता, गोत्राचा नव्हता. आणि तरीही सुटका झाली ती पैसे मोजून. बापाने मुलगी देताना पैसे घ्यायचे, आणि बाईने स्वतःला सोडवताना पैसे द्यायचे. त्या दशकातल्या दोन्ही व्यवहारांत बाईची किंमत रुपयांत ठरत होती. देवलांच्या डोळ्यांदेखत ते सगळं घडलं होतं. ‘शारदा’ लिहिताना ते त्यांच्या मनात किती होतं हे सांगता येणार नाही, पण त्या प्रेक्षागृहात बसलेल्या कितीतरी माणसांच्या मनात नक्की असणार.

लग्न मोडल्यानंतर नाटक संपत नाही, आणि मला ‘शारदे’तला सगळ्यात मोठा भाग तोच वाटतो. वाईट माणसाचा बेत फसला, पडदा पाडा, असं दुसऱ्या नाटककाराने केलं असतं. देवल शारदेच्या मागे जातात. कारण मांडवात लग्न मोडलेल्या मुलीचं काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. ती कुमारिका राहिली नाही, कुणाची बायकोही झाली नाही. तिच्याशी कोण लग्न करणार? माहेरी तोंड कसं दाखवणार? जिची काही चूक नव्हती ती मुलगी नदीकडे जीव द्यायला निघते. कोदंड तिला वाचवतो, तिचा स्वीकार करायला पुढे येतो, आणि तेवढंही पुरत नाही. शंकराचार्यांची संमती लागते. मग कुठे समाज मान हलवतो.

म्हणजे एका प्रसंगात न्याय आणि दुसऱ्यात स्वीकार, असे हे दोन वेगळे टप्पे आहेत. पहिला झाला म्हणून दुसरा होत नाही. न्याय शारदेला भुजंगनाथापासून सोडवतो. पण सुटलेल्या मुलीला राहायला जागा कुठे आहे, ते न्याय सांगत नाही.

आमच्या घरात एक आत्याआजी होत्या. माझ्या आजोबांची थोरली बहीण. बिजवराला दिलेल्या, विशीच्या आत विधवा झालेल्या आणि पुढचं सगळं आयुष्य माहेरी काढलेल्या. मी त्यांना पाहिलं ते अगदी थकलेल्या वयात. विधवांचं लाल आलवण तोवर गेलं होतं, साधं पांढरं लुगडं असायचं. घरात त्यांना कुणी कधी वाईट बोललं असं मी ऐकलेलं नाही. उलट सगळे म्हणायचे, त्यांना घराने सांभाळलं. पापड, लोणची, सोवळ्यातला स्वयंपाक, बाळंतिणींची शेक-शेगडी, सगळं त्यांच्याकडे. लग्नकार्यात मात्र त्या माजघराच्या आत असायच्या. हळद लावायला त्यांना कुणी बोलवायचं नाही आणि त्या स्वतःही पुढे यायच्या नाहीत. त्यांना आसरा होता. त्याला स्वीकार म्हणायला माझं मन तयार होत नाही. पंगतीला वाढायचं, पण पंगतीत बसायचं नाही, असं ते जगणं. रेडिओवर नाट्यसंगीत लागलं की त्या हातातलं काम न थांबवता ऐकायच्या. ‘शारदे’चं पद लागलं तर आवाज जरा मोठा कर म्हणायच्या. त्यावर कधी काही बोलल्या नाहीत, मीही कधी विचारलं नाही, मी लहान होते.

म्हणून कोदंड मला आवडतो, आणि त्याच वेळी मला त्याच्याबद्दल एक प्रश्नही पडतो. तो शारदेला आसरा देत नाही, बरोबरीची जागा देतो, हे खरं. समाजाने टाकलेल्या मुलीचा हात तो उघडपणे धरतो, ही १८९९ सालच्या रंगभूमीवर मोठी गोष्ट. पण बुडण्यापासून वाचवलेल्या मुलीपुढे वाचवणारा उभा राहतो आणि लग्नाचं विचारतो, तेव्हा तिच्याकडे दुसरा पर्याय असतो का? शारदेचं कोदंडावर मन जडलं आहे असं नाटक आपल्याला सुचवतं, आणि मी ते मानतेही. तरी मला वाटतं, शंकराचार्यांची संमती आधी आली आणि तिची नंतर, हा क्रम आज प्रयोग करणाऱ्या दिग्दर्शकाने उलटा करून पाहावा. संहितेतला एक शब्द न बदलता ते जमेल. कोण कुणाकडे आधी वळतं, एवढीच हालचाल.

कायद्याने पुढे काय केलं, ते थोडक्यात सांगते. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला, तो १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. आपल्याकडे तो शारदा कायदा म्हणूनच ओळखला गेला, आणि देवलांच्या नायिकेवरून ते नाव पडलं असं समजणारे पुष्कळ भेटतात. ते विधेयक आणलं होतं अजमेरच्या हरबिलास सारडा यांनी. कायदा मंजूर झाल्यापासून लागू होईपर्यंतच्या सहा महिन्यांत देशभर घाईघाईने पोरींची लग्नं उरकण्यात आली. आणि कायदा मोडून लग्न लावलं तर दंड होता, पण लागलेलं लग्न मात्र कायम राहायचं. गोत्राचं म्हणाल तर १९४६ च्या कायद्याने सगोत्र विवाहाला मान्यता दिली, आणि ते योग्यच झालं. म्हणजे ज्या एका आधारावर शारदा वाचली, तो आधारच नंतर काढून घेण्यात आला. तिच्या इच्छेला कायद्यात जागा मिळायला त्यानंतरही अनेक वर्षं जावी लागली.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यातली दोन कलमं मी वाचली तेव्हा मला थेट हे नाटक आठवलं. तिसऱ्या कलमाप्रमाणे बालपणी ज्याचं लग्न लावलं गेलं, त्यालाच ते रद्द करून मागता येतं, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत. बाप नाही, समाज नाही, धर्मपीठ नाही. ती स्वतः. आणि बाराव्या कलमाप्रमाणे अल्पवयीन मुलीला जबरदस्तीने, फसवून किंवा विकून तिचं लग्न लावलं असेल, तर ते लग्न मुळातच शून्य आहे. विकून! कांचनभटाने जे केलं तेच. शंभराहून जास्त वर्षं लागली, पण शारदेच्या पदांतलं म्हणणं कायद्याच्या भाषेत उतरलं. ती कलमं वाचून मला किती बरं वाटलं, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

कागदावर उतरलं, म्हणजे सगळं झालं असं नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पाचातली एक. मराठवाड्याच्या ऊसतोड करणाऱ्या भागात याची कारणं ऐकली की कांचनभटाला शिव्या देणं सोपं राहत नाही. तोडीच्या कामात नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादम उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला, एकट्याला नव्हे. पोराचं लग्न झालं की घरात आणखी एक कोयता होतो, आणखी एक उचल मिळते. आणि वयात येणारी मुलगी मागे गावात एकटी ठेवून सहा महिने फडावर जायचं आई-बापांच्या जिवावर येतं, तिला बरोबर न्यावं तर पालात राहणं आणखी भीतीचं. मग दिवाळीच्या आत तिचं लग्न उरकून टाकतात. पैसा, भीती आणि चालत आलेली रीत, तिन्ही आजही तशीच एकत्र येतात. नवरा मुलगा म्हातारा नसतो, एवढा फरक. मुलीला विचारत नाहीत, त्यात फरक नाही.

गावात ग्रामसेवकाकडे बालविवाह रोखायची जबाबदारी असते, १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो, अंगणवाडीताई कधी धीर करून कळवतात. लग्न थांबतंही. पण थांबल्यावर त्या मुलीकडे गाव कसं बघतं, हा शेवटच्या अंकातला प्रश्न तिथे जसाच्या तसा उभा असतो. पोलीस येऊन लग्न मोडलेल्या पोरीला पुढे स्थळ कोण देणार, या धास्तीने घरचे तिच्यावरच चिडतात. तिला शाळेत परत बसवायचं, वसतिगृहात जागा द्यायची, फी भरायची, हे कुणीतरी नेटाने करावं लागतं. तिथल्या काही शिक्षिका ते करतात. त्या थांबवलेल्या लग्नाची बातमी होते, पण वर्षभराने ती मुलगी दहावीला बसली याची होत नाही.

म्हणून मोठ्या शहरांतल्या नाट्यसंगीत रजनींपेक्षा मला ‘शारदा’ बीडला, जालन्याला, परभणीला, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांत व्हायला हवी आहे. पाच तासांचं पूर्ण नाटक नको, चार प्रवेश पुरेत. मैत्रिणींच्या थट्टेचा, शारदेच्या भयाचा, मांडवातला आणि शेवटचा नदीकाठचा. शेवटचा तर अजिबात गाळू नये, वेळ कमी पडला तर मांडवातला गाळावा. शारदेची भूमिका तिथल्याच मुलीने करावी. भाषा जुनी आहे, पण कीर्तन-भजन ऐकलेल्या मुलींना ती जड जाणार नाही. आणि प्रयोगानंतर कुणीतरी दहा मिनिटं त्या दोन कलमांबद्दल साध्या बोलीत सांगावं, प्रश्न विचारू द्यावेत. गोत्र निघालं नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मुली विचारतीलच. ‘मूर्तिमंत भीति’ म्हणणारी मुलगी कुठल्याही शाळेत सापडेल, आणि पेटी वाजवणारा तर प्रत्येक गावच्या भजनी मंडळात असतोच.